उजव्या हाताचं दळण

आमच्या घरमालकांचा उजवा हात स्वस्थ बसलेला मी, एक वेळ सोडली तर, कधी पाहिला नाही. हात उचलणारा माणूस नव्हता हो तो, वाटेत मुंग्यांची रांग लागली तरी वळसा घालून जाणारा. पण तो हात कमरेशी, कोपरात वाकवलेला असायचा, मूठ अर्धवट मिटलेली, आणि ती मूठ गोल गोल फिरत राहायची. समोरच्या कौलांवर ऊन उतरलं की फिरायची. कुणाचं बाळ जांभई देताना दिसलं की फिरायची. बाजारात कोळणीनं पाटीतला मासा उलटा करून दाखवला, की हे भाव विचारायचं सोडून हात फिरवत उभे. मग ती वैतागून म्हणायची, "जर्मन, दळण झालं असंल तर मासा घेतोस काय?"

महाडात त्यांना सगळे जर्मनच म्हणत. जन्म पोलादपूरच्या पलीकडच्या डोंगरातल्या एका वाडीतला, बोली तिथलीच, जेवणात नाचणीची भाकरी नसेल तर जेवल्यासारखं न वाटणारे. पण तरुणपणी मुंबईच्या स्टुडिओत एका जर्मन कॅमेरामनच्या हाताखाली ते काही वर्षं होते, आणि त्या साहेबाशिवाय त्यांचं एकही वाक्य पुरं होत नसे. साहेबाचं नाव ते घेत नसत. गुरूचं आणि बायकोचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं, म्हणायचे.

मी मूळची वाईची, म्हणजे महाडकरांच्या हिशेबात घाटावरची. इथल्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली, आमचे हे एमआयडीसीत आले, आणि आम्ही जागा शोधत त्यांच्या फोटो स्टुडिओच्या दारात उभे राहिलो. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या द्यायच्या होत्या. त्यांनी आधी आमचं गाव विचारलं नाही, जात विचारली नाही. मला खिडकीजवळच्या स्टुलावर बसवलं आणि बराच वेळ नुसते तोंडाकडे बघत राहिले. आमच्या ह्यांचा पारा चढायला लागला होता. शेवटी म्हणाले, "खोली तुमचीच, बाई. पण एक अट हाय. दिवेलागणीला ट्यूबलाइट लगेच लावायची नाय. उजेड जातो तो आधी जाऊ द्यायचा." मला वाटलं, विजेच्या बिलासाठी सांगतायत. पुढं कळलं, बिलाचा आणि त्या माणसाचा काही संबंध नव्हता. संध्याकाळचा उजेड भिंतीवरून सरकत सरकत निघून जातो, तेवढा वेळ घरातल्या माणसांनी त्याला द्यावा, असं त्यांचं म्हणणं. चुकून बटण दाबलं गेलं की खालून काठीचा ठोका ऐकू यायचा. त्या ठोक्यानं मी कित्येकदा अंधारात भात करपवला आहे.

त्यांचा स्टुडिओ चालायचा कसा, हे कोडंच होतं. फ्लॅश म्हणजे त्यांच्या मते माणसाच्या तोंडावर मारलेली चपराक. ते गिऱ्हाइकाला खिडकीशी बसवायचे, एका बाजूनं येणारा उजेड घ्यायचे आणि दुसरी बाजू अंधारात सोडायचे. लग्न ठरवायला फोटो काढून नेलेल्या मुलींचे बाप तणतणत परत यायचे. एकजण तर माझ्या देखत म्हणाला, मुलीचा एक डोळा कुठं गेला, पाहुणे विचारतायत काणी आहे काय. जर्मन शांतपणे म्हणाले, दुसरा डोळा पाहुण्यांनी घरी येऊन बघावा. तो बाप फोटो तिथंच टाकून गेला आणि समोरच्या दुकानातून पोरीचा पिठासारखा पांढराफटक फोटो काढून आला. लग्न जमलं म्हणे. जर्मनांनी तो टाकलेला फोटो काचेत लावून ठेवला. खोटं कशाला बोलू, शहरात इतका सुंदर फोटो दुसरा नव्हता.

मधे काही दिवस ते रायगडाच्या पायथ्याला, हिरकणीवाडीला जाऊन बसायचे. रोपवेला पर्यटकांची गर्दी, तिथं फोटोवाल्यांची चांदी होते असं कुणीतरी सांगितलेलं. यांची चांदी कसली होते? हे पर्यटकांना उभं करायचे आणि सांगायचे, थांबा, तो ढग सरकू द्या. ढग काही सरकायचा नाही, आणि वरून पाळणा यायचा. माणसं हसत पाळण्यात बसून निघून जायची आणि हे खाली हात फिरवत, वर जाणाऱ्या पाळण्याकडे बघत उभे. महिनाभरात तो नाद सुटला.

एक गोष्ट मात्र त्यांनी कधी सोडली नाही. भात झोडून झालं की पिशवी खांद्याला लावून ते पोलादपूरच्या वरच्या वाड्यांमधून हिंडायचे. धारेवरच्या त्या वाड्या, पाच-सात घरं, गुरं, वरीचे तुकडे. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना ते दारात बसवायचे आणि फोटो काढायचे, कुणी बोलावलेलं नसताना. कारण विचारलं तर सांगायचे, "माणूस गेल्यावर लोक माझ्याकडं येतात. लग्नाच्या फोटोत मागल्या रांगेत आईचं अर्धं डोकं दिसतंय, ते मोठं करून दे बोलतात. डोकं कुठून मोठं करू? जित्तेपणीच घेऊन ठेवलेलं बरं." पण वाडीतल्या लोकांना हे अभद्र वाटायचं. जर्मन फोटो काढून गेला म्हणजे म्हातारी काही पुढचा शिमगा बघत नाही, अशी वदंता उठली. एका आजीनं तर त्यांना बघून शेणाचा हात उगारला होता. आज त्या वाड्यांमधल्या घराघरात हार घातलेले जे फोटो आहेत, ते सगळे यांचे. एक बाजू उजेडात, एक अंधारात. ती शेणाची आजीही त्यांत आहे आणि हसते आहे.

संध्याकाळी ट्यूबलाइटबंदीच्या वेळात मी खाली जाऊन बसायची. मग साहेबाचं पुराण सुरू व्हायचं. मी ते इतक्यांदा ऐकलं आहे की त्या जर्मन माणसाला मी बघितलेलं नाही हे मला खरं वाटत नाही. साहेब पोरवयात त्यांच्या देशात एका फोटोग्राफरकडे काचा पुसायला होता. मग सिनेमा आला, मुका. त्या वेळी कॅमेऱ्याला मोटर नव्हती, बाजूला हँडल असायचं आणि ते हातानं फिरवायचं, सारख्या वेगानं, मनातल्या मनात गाणं म्हणत. गाण्याची चाल चुकली की सिनेमा चुकला. साहेब बर्फात उभा राहून हँडल फिरवायचा, बोटं निळी व्हायची. नटीला रडू यायला अर्धा दिवस लागायचा आणि आलं की थांबायचं नाही. मग सिनेमा बोलायला लागला. कॅमेऱ्याचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून कॅमेऱ्याला आणि साहेबाला काचेच्या खोलीत कोंडून घालायला लागले. "माणसाला वाचा फुटली आणि साहेबाचा श्वास कोंडला," हे वाक्य जर्मन दर वेळी त्याच जागी म्हणायचे. त्यानंतर साहेब बोटीनं मुंबईला आला. येताना स्वतःचा हँडलचा जुना लाकडी कॅमेरा घेऊन आला. काम मोटरच्या कॅमेऱ्यावर करायचा, पण तो लाकडी डबा देवासारखा कायम बरोबर.

मोठं युद्ध लागल्यावर, जर्मन म्हणून त्याला तारांच्या कुंपणाआड ठेवलं. सुटून आला तेव्हा केस पांढरे झाले होते. कुणी विचारलं की इतकी वर्षं आत काय केलंस, तर म्हणायचा, तारेची सावली सकाळी लांब असते, दुपारी नसते, ते बघितलं. पुढं रंगीत सिनेमा आला. साहेबाला रंग आवडेनात. हे म्हणजे जत्रेतल्या मिठाईसारखं, म्हणायचा. आमचे घरमालक त्याच्याकडे लागले ते या उतरत्या काळात. साहेब त्यांच्याकडून मराठी शिकला, ती अर्थात पोलादपूरची. त्यामुळे सहा फूट उंचीचा तो गोरा म्हातारा स्टुडिओत मोठमोठ्या नटांना सांगायचा, "घाई नाय. उजेड येतो हाय."

साहेबाची आणखी एक शिकवण होती आणि जर्मन ती सिनेमाबाहेरही पाळायचे. माणूस चौकटीतून निघून गेलं की हँडल लगेच थांबवायचं नाही. रिकामा रस्ता थोडा वेळ घ्यायचा. बघणाऱ्याला कळलं पाहिजे की माणूस गेलं. मी सुट्टीला वाईला निघाले की ते मला एसटी स्टँडवर पोचवायला यायचे. गाडी सुटली की बाकीची माणसं पाठ फिरवून चालू लागत. हे गाडी वळणाआड जाऊन धूळ खाली बसली तरी तिथंच. मागच्या काचेतून मला ते दिसायचे, कमरेशी हात फिरतोय.

आता डब्याबद्दल सांगायला हवं. त्यांच्या कपाटात एक गोल, चपटा पत्र्याचा डबा होता. दर अमावास्येला ते तो काढायचे, झाकण उघडून आत नाक घालायचे, खोल वास घ्यायचे आणि समाधानानं परत बंद करायचे. मी कितीतरी दिवस समजत होते की आत सांडगे असतील आणि त्यांना बुरशी लागली का ते बघतायत. एकदा मला म्हणाले, "अजून आंबला नाय." मीही म्हटलं, उन्हात ठेवा म्हणजे आंबणार नाही. त्यावर इतके दचकले की डबा छातीशी धरून आत गेले. आत सिनेमाच्या फिल्मचा एक तुकडा होता. जुनी फिल्म मरायला लागली की तिला आंबूस वास येतो आणि एकदा वास सुटला की तिला वाचवता येत नाही, हे मला त्या दिवशी समजलं. सकाळचं ऊन आलं की ते तो तुकडा खिडकीशी धरायचे आणि एकेक चित्र डोळ्यापुढून सरकवायचे. मला कधी बघू दिलं नाही. पुढं काचबिंदूनं डोळे गेले. उजेड कुठं आहे आणि सावली कुठं, एवढं कळायचं, पण ती नखाएवढी चित्रं दिसेनाशी झाली. मग नुसता वास घेणं उरलं.

त्या मोठ्या पुरात सावित्री नदी बाजारपेठेत शिरली तेव्हा आमच्या जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत पाणी होतं. आम्ही त्यांना वर ओढून घेतलं तर हातात तेवढा एक डबा, मेणकापडात गुंडाळलेला. बाकी सगळं खाली राहिलं. पाणी उतरल्यावर स्टुडिओच्या दारातून चिखल बाहेर ओढला, त्यात महाडमधल्या किती लग्नांच्या, किती मेलेल्या माणसांच्या निगेटिव्ह होत्या. रस्त्यावर त्यांचे लगदे पडले होते. लोक येऊन हळहळत होते. जर्मन पायरीवर बसून होते आणि त्यांचा उजवा हात मांडीवर पालथा पडलेला होता. तो तसा पडलेला मी त्या एकाच वेळी बघितला. मला रडूच कोसळलं.

पुढच्या अमावास्येला त्यांनी डबा उघडला, वास घेतला आणि मला हाक मारली. डबा माझ्या नाकाशी धरून विचारलं, "बाई, तुमचं नाक चांगलं हाय. सांगा." मी वास घेतला. ताकाचं भांडं दोन दिवस तसंच राहिलं की जसा येतो, तसा. खोटं बोलायला तोंड उघडलं, पण त्याआधीच त्यांनी ओळखलं आणि झाकण लावलं.

पुण्यात एक गृहस्थ जुन्या फिल्म मोबाइलमध्ये बघता येतील अशा उतरवून देतात, हे मला शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं होतं. मी म्हटलं, मी नेते, आत्ताच नेते, अजून वेळ आहे. ते नको म्हणाले. मी पुष्कळ समजावलं, मग मीच चिडले. तुकडा कुजून जाईल, मग काय वासाला पूजणार आहात का, इतकं टाकून बोलले. तेव्हा त्यांनी ती हकीकत सांगितली. इतक्या वर्षांत साहेबाच्या पुराणात हा अध्याय कधी आला नव्हता.

साहेबाला एका सिनेमासाठी घाटाचा रस्ता हवा होता. यांनी आपल्या मुलखातला आंबेनळी घाट सुचवला. दसऱ्याचे दिवस, गवत कापणीला आलेलं. एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन धुक्यातून येते आणि वळणाआड जाते, एवढंच घ्यायचं होतं. पण वाडीतली एकही बाई कॅमेऱ्यासमोर उभी राहायला तयार होईना. यांचं नुकतंच लग्न झालेलं. शेवटी हे स्वतःच्या बायकोला घेऊन आले. ती लाजली, पण आली. आणि ऐन वेळी धुक्यानं मोटर दमट होऊन बंद पडली. उजेड तर असा आलेला की पुन्हा जन्मात यायचा नाही. साहेबानं आपला लाकडी कॅमेरा बाहेर काढला. साहेबाचं मनगट म्हातारपणानं धरायचं, म्हणून यांना म्हणाला, तू फिरव. माझं गाणं मनात म्हण आणि फिरव.

"साहेबाचं गाणं मला पाठ होतं, बाई. रिकाम्या कॅमेऱ्यावर शंभरदा फिरवलावता. पण ती समोरनं चालत आली ना, ते गाणं गेलंच डोक्यातनं. आईची जात्यावरची ओवी आली."

कुठली ओवी, मी विचारलं. त्यांनी अगदी खालच्या आवाजात म्हणून दाखवली.

"घाटाच्या वाटंवरी लेक माझी चालं धिमी,
पाऊल टाक जपून, दरीच्या गं कडंला मी."

आणि त्या चालीवर त्यांचा हात फिरत राहिला. जात्याच्या चालीवर, म्हणजे फार सावकाश. त्या कॅमेऱ्याचं असं होतं की हँडल भराभर फिरवलं तर पुरेशी चित्रं उमटत. सावकाश फिरवलं तर थोडी उमटत, आणि मग थेटरातलं यंत्र ती थोडी चित्रं आपल्या ठरलेल्या वेगानं पळवून टाकी. पडद्यावरचं माणूस तुरुतुरु पळू लागे. मुंबईला स्टुडिओतल्या छोट्या पडद्यावर तो तुकडा दाखवला तेव्हा धुक्यातून ती बाई आली ती दुडदुडत, भारा नाचवत, आणि फुर्रकन वळणाआड गेली. सगळे पोट धरधरून हसले. स्टुडिओचा मालक हसला, नट हसले, चहावाला हसला. एकटा साहेब हसला नाही. त्यानं सगळ्यांना सांगितलं की चूक माझ्या कॅमेऱ्याची आहे. नंतर यांना एका बाजूला घेऊन कुठलं गाणं म्हणत होतास ते विचारलं, ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गाणं चांगला हाय. मशीन वेगळा हाय." मायदेशी कायमचा गेला तेव्हा तो सिनेमातून वगळलेला तुकडा डब्यात घालून यांना देऊन गेला.

तोपर्यंत ती गेलेली होती. लग्नाला चार पावसाळेही झाले नव्हते. वाडीतून डोलीत घालून तिला खाली आणत होते, बाळंतपणाची अडलेली. डांबरी रस्ता लागायच्या आधीच तिनं आणि बाळानं जीव सोडला. हे मुंबईहून पोचले ते थेट नदीवर. त्यानंतर मुंबई सुटली, दुसरं लग्न त्यांनी केलं नाही.

"मी सावकाश फिरवलं म्हणून ती घाईनं गेली," ते म्हणाले. "तिची चाल मीच बिघडवली. आता तो तुकडा कुणी लावला तर परत लोक हसतील तिला. चित्र चित्र करून बघायचो तेव्हा ती उभी असायची, बाई. घाई करायची नाय."

मी शिकलेली बाई, मुलींना विज्ञान शिकवते. असं काही नसतं काका, एवढं म्हणायला मला क्षणही लागला नसता. पण समोर साठ वर्षं एकाच गोष्टीची शिक्षा भोगणारा माणूस बसला होता आणि त्याला माझ्या विज्ञानाची काय पडली होती? मी एवढंच म्हटलं की वेग आता आपल्या हातात असतो, मोबाइलवर चित्र हवं तितकं सावकाश करता येतं. ती तिच्या चालीनं चालली तर बघाल का? त्यांनी डब्याभोवती मेणकापड परत गुंडाळलं. मग डबा माझ्याकडे सरकवला.

मी पुण्याला निघाले तेव्हा ते स्टँडवर आले. लेकीला सासरी धाडताना सांगतात तसं सांगत होते, उन्हात धरू नका, मांडीवर ठेवा, झोपू नका. मी वाईवरूनच गेले; आंबेनळी घाटात गाडी वळणं घेऊ लागली तेव्हा डबा मी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. त्या गृहस्थांनी आठ-दहा दिवस घेतले. सुरुवातीचा भाग चिकटून गेला होता, पण पुढचं निघालं.

मी परत आल्यावर त्यांनी एकच मागणी केली, मेव्हणीला बोलवा. बायकोची ही धाकटी बहीण अजून वरच्या वाडीतच राहते, सत्तरीची, काटक, म्हशी राखणारी. "मला आता दिसायचं नाय. तिची चाल बघितलेलं माणूस तीच एक उरली," ते म्हणाले. ती पोलादपूरहून टमटममधून उतरली ती नाचणीची गाठोडी घेऊन. दुपारी आम्ही तिघं वर माझ्या खोलीत टीव्हीपुढं बसलो. मी खिडकीचा पडदा ओढला आणि चित्र लावलं.

आधी ते होतं तसंच लावलं गेलं. धुकं, ओला रस्ता, आणि त्यातून एक लहानखुरी बाई भारा घेऊन तुरुतुरु आली आणि गेली. म्हातारी पदर तोंडाला लावून खुदकन हसली. "अगो, ही काय पळते? कुत्रा मागं लागल्यावानी."

जर्मनांचा चेहरा दगडासारखा झाला. "हसू नको," ते म्हणाले. "ती नाय पळत. मी पळवली तिला."

म्हातारीला काही उमजलं नाही, पण तिनं तोंडावरचा पदर खाली घेतला. मी वेग कमी केला आणि पुन्हा लावलं. ती पुढं झुकून बघायला लागली. बाई, अजून कमी करा, म्हणाली. मी केला. अजून जरासा, म्हणाली. आता चित्र थोडं अडखळत, पण सावकाश पुढं येत होतं. धुक्यातून आधी भारा आला, मग कपाळ, मग एका बाजूनं उजळलेलं तोंड. वीस वर्षांचीही नसेल. म्हातारी उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेली आणि तिनं काचेला हात लावला.

"भावजी, ही आमची बाय," ती म्हणाली. "डावा पाय टाकताना कलते, बघा. लहानपणी म्हशीवरनं पडलीवती ना."

"डावा पाय," ते म्हणाले. "हां. कलायची. मी इसरलोवतो."

साठ वर्षं ते तिला उभी बघत आले होते. उभ्या चित्रात लंगडणं दिसत नाही. मला वाटलं होतं की मी त्यांना तिची चाल परत देणार आहे, आणि त्यांना तर आपण काय हरवलं तेही ठाऊक नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायची त्यांना आठवण नव्हती. उजवा हात कमरेशी आला. फिरू लागला, जात्याच्या चालीवर. म्हातारीनं तो बघितला आणि कुणी न सांगता ती ओवी धरली, तीच, घाटाच्या वाटेची. सासूच्या तोंडून बहिणीनं ती उचललेली, आणि बहिणीच्या तोंडून हिनं. पडद्यावरची पोर त्या चालीवर पाऊल टाकत राहिली, डाव्या पायावर कलत, कसलीही घाई नसल्यासारखी. वळणापाशी ती गेली आणि दिसेनाशी झाली.

"गेली," म्हातारी म्हणाली. मी बंद करायला हात पुढं केला.

"थांबा, बाई," ते म्हणाले. "अजून रस्ता हाय."

खरंच होता. धुकं, ओला रस्ता आणि वळण. साहेबाच्या शिकवणीप्रमाणे एका नवऱ्या मुलानं त्या दिवशी रिकामा रस्ताही घेऊन ठेवला होता. तो संपेपर्यंत त्यांचा हात फिरत राहिला आणि मग थांबला.

यंदा शिमग्याची पालखी बाहेर पडायच्या आधी ते गेले. झोपेतच. भाच्यांनी सगळं केलं. त्यांचा स्वतःचा फोटो शोधला तर एकही नव्हता. हार घालायला साहेबाचा लाकडी कॅमेराही नव्हता हाताशी, तो साहेबाबरोबरच परत गेलेला. तुकडा तोवर कुजून संपला होता; मी तो रिकामा गोल डबा पाटावर ठेवला आणि त्याला हार घातला.

आमच्याकडे बायका नदीवर जात नाहीत. तिरडी उचलली, बाजारपेठेच्या कोपऱ्यावरून वळली आणि दिसेनाशी झाली. शेजारणी आत वळल्या. जिथं त्यांना निजवलं होतं ती जागा सारवून दिवा लावायचा होता. मला आतून हाक आली, एकदा, दोनदा. मग त्यांची मेव्हणी मला बोलवायला उंबऱ्यापर्यंत आली. मी हलत नाही बघून तीही माझ्याशेजारी उभी राहिली. रस्त्यावर फुलं पडली होती, एक सायकलवाला गेला, मग कुणीच नव्हतं. आम्ही दोघी बघत राहिलो. घाई कुणालाच नव्हती.